वाढत्या वयाचा कणा

आपल्या भाषेने पाठीच्या कण्यावर नीतीचा भलताच मोठा भार टाकून ठेवला आहे. ताठ कण्याचा म्हटला की माणूस बाणेदार, आणि कणा नसलेला म्हटला की लाचार, हे आपण फारसा विचार न करता बोलून जातो. रामायणातील मंथरेच्या पाठीवर कुबड आहे, आणि ते तिच्या कुटिल मनाचेच दृश्य रूप असावे अशा थाटात पिढ्यान्‌पिढ्या ती कथा सांगितली गेली आहे. भागवतातील कुब्जेची गोष्ट मात्र निराळी. तीन ठिकाणी वाकलेली म्हणून तिला तेथे त्रिवक्रा असेही म्हटले आहे. श्रीकृष्णाने तिच्या पावलांवर आपली पावले दाबली, हनुवटीखाली दोन बोटे लावली आणि तिला वर उचलून सरळ केले. त्या प्रसंगी तो तिला ‘नीट उभी राहा’ असे म्हणत नाही, एवढ्यासाठी मला ही गोष्ट नेहमीच अधिक जवळची वाटत आली आहे.

वाचकहो, आपल्या घरातील मुलांना, आणि विशेषतः मुलींना, आपण हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकवितो याचा एकदा हिशेब करून पाहावा. ‘पोक काढून बसू नकोस’, ‘खांदा पाडून चालू नकोस’, ‘दप्तर एकाच खांद्यावर घेतलेस तर वाकडी होशील’. या बोलण्यामागे माया असते यात शंका नाही. परंतु वयात येण्याच्या सुमारास शंभरांतील दोन-तीन मुलांचा कणा एका बाजूस असा वळतो की, त्याला बसण्याची सवय कारण नसते, दप्तराचे ओझे कारण नसते आणि आळस तर नसतोच नसतो. अशा मुलीला ‘ताठ बस’ म्हणून सांगणे म्हणजे ताप चढलेल्या मुलाला ‘अंग गार ठेव’ म्हणून सांगण्यासारखेच आहे. ती बिचारी प्रयत्न करते, तो साधत नाही, आणि मग ती आपली पाठच लपवू लागते. ओढणी रुंद होते, केस मोकळे राहतात, आंघोळीनंतर आईसमोर कपडे बदलणे बंद होते. ज्या दोन-तीन वर्षांत त्या पाठीकडे कोणी तरी पाहावयास हवे असते, नेमक्या त्याच वर्षांत ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

या विकाराला वैद्यकात स्कोलिओसिस असे नाव आहे. मराठीत त्याला मेरुवक्रता म्हणता येईल. निरोगी माणसाचा कणा बाजूने पाहिला तर मानेशी, छातीशी आणि कमरेशी हलकी वळणे घेत उतरतो. ती वळणे निसर्गाचीच आहेत व ती असावयासच हवीत. पाठीमागून पाहिले असता मात्र तो गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ दिसला पाहिजे. मेरुवक्रतेत तो मागून पाहताना डावी-उजवीकडे झुकतो. आणि नुसता झुकतच नाही, तर गोल जिन्याच्या पायऱ्या जशा एकीवर एक फिरत जातात तसे मणके स्वतःभोवती फिरतातही. छातीच्या भागातील मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे त्या फिरण्याबरोबर एका बाजूच्या बरगड्या मागे येतात व तेथे उंचवटा दिसू लागतो. बहुधा तो उजव्या अंगाला असतो. ज्याला लोक कुबड म्हणतात ते अशा वेळी वाकल्यामुळे आलेले नसून फिरल्यामुळे आलेले असते. ही एक गोष्ट ध्यानात आली की ‘ताठ बस’ या उपदेशाची निरर्थकता आपोआप कळून येते, कारण खांदे मागे घेतल्याने मणक्यांचा पीळ काही उलगडत नाही.

दोष देण्याची ही सवय केवळ आपलीच आहे असे समजण्याचे कारण नाही. १७४१ साली पॅरिसमध्ये निकोला आंद्री नावाच्या, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून त्याने त्या ग्रंथाला जे नाव दिले, त्यातूनच अस्थिरोगशास्त्राचे ऑर्थोपेडिक्स हे आजचे नाव आले. त्या ग्रंथात एक चित्र आहे : वाकडे वाढलेले कोवळे झाड, आणि त्याला दोरीने बांधलेला सरळ खुंट. आज जगभर अस्थिशल्यवैद्यांच्या संस्था हेच चित्र आपले बोधचिन्ह म्हणून मिरवितात. चित्र सुंदर आहे, परंतु त्याने एक समज घट्ट रुजविली. मुलाची पाठ वाकडी झाली तर आईबापांनी वेळेवर खुंट बांधला नाही, किंवा मुलाने तो पाळला नाही, असे लोक धरून चालले. स्वतः आंद्रीचाही खुर्च्यांच्या बैठकीवर आणि बसण्याच्या ढबीवर मोठा कटाक्ष होता.

या समजाला तडा गेला तो इंग्लंडमध्ये, आणि तोही एका भूशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर. इग्वानोडॉन या प्रचंड प्राचीन सरड्याचा शोध लावणारे गिडिअन मँटेल हे १८४१ मधील गाडीच्या अपघातानंतर पाठीच्या असह्य दुखण्याने वर्षानुवर्षे हैराण होते. पाठीत गाठ किंवा गळू असावे अशी डॉक्टरांची समजूत होती. १८५२ साली ते वारल्यावर विल्यम ॲडम्स या शल्यवैद्याने त्यांचा कणा तपासला. तेव्हा कमरेच्या भागात कण्याला मोठे वळण असून मणके स्वतःभोवती फिरलेले आहेत असे दिसून आले. जिवंतपणी ज्यांनी ती पाठ तपासली त्यांना हे कळलेच नव्हते, कारण माणूस उभा असताना हे फिरणे झाकून जाते. ॲडम्स यांनी १८६५ साली याविषयी व्याख्याने प्रसिद्ध केली, आणि पुढे वाकून पाठ पाहण्याच्या साध्या परीक्षेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

ही परीक्षा कोणत्याही घरात दोन मिनिटांत करता येते. मुलीच्या बाबतीत ती आईने, मोठ्या बहिणीने किंवा मावशी-आत्याने करावी. पाठ उघडी असावी, पावले जोडलेली, गुडघे ताठ. तळहात एकमेकांस जोडून, हात खाली सोडून मुलीने कमरेतून पुढे वाकावे, पाठ साधारण जमिनीला समांतर होईपर्यंत. पाहणारीने मागे बसून आपली नजर पाठीच्या पातळीवर आणावी. दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या दिसल्या तर काळजीचे कारण नाही. एक बाजू उंच दिसली, मग ती छातीपाशी असो वा कमरेपाशी, तर डॉक्टरांकडे जावे. ते त्या उंचवट्यावर गवंड्याच्या पाणसळीसारखे एक छोटे साधन आडवे ठेवतात आणि पाठ किती अंशांनी कलली आहे ते वाचतात. उभे असतानाही काही खुणा दिसतात : एक खांदा खाली, खांद्याचे एक पाते अधिक बाहेर, कमरेची एक बाजू खोल आणि दुसरी सपाट. दहाव्या-अकराव्या वर्षापासून वाढ थांबेपर्यंत दर पाच-सहा महिन्यांनी एवढे पाहिले तरी पुरे.

शाळाशाळांतून सर्वांचीच अशी तपासणी करावी की नाही याबद्दल मात्र तज्ज्ञांत एकमत झालेले नाही. अमेरिकेतील आरोग्यरक्षणविषयक तज्ज्ञमंडळाने २००४ साली त्याविरुद्ध सल्ला दिला होता. २०१८ साली त्याच मंडळाने तो बदलला आणि बाजूने किंवा विरुद्ध सांगण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. विनाकारण घाबरून जाणारी कुटुंबे आणि विनाकारण काढले जाणारे एक्स-रे हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो पोकळ नाही. परंतु घरच्या माणसाने घरच्या मुलाची पाठ पाहण्यास खर्च नाही व किरणही नाहीत, म्हणून माझे मत तरी पाहावे असेच आहे.

माझ्या भाचीच्या बाबतीत हे पाहिले ते घरच्या कोणी नव्हे, शिंप्याने. माझी बहीण बडोद्यास असते. मुलगी तेव्हा सातवीत होती. शाळेच्या गणवेशाचा कमीज दोन वेळा उसवून पुन्हा शिवला तरी एका बाजूने वरच चढत राहिला, तेव्हा त्या वृद्ध गुजराती कारागिराने माप घेण्याची फीत गळ्यात टाकली आणि हलकेच सांगितले, ‘‘बहेन, कपड्यात खोट नाही. मुलीचा एक खांदा खाली आहे. एक वेळा डॉक्टरला दाखवा.’’ बहिणीने दाखविले. ज्या डॉक्टरांकडे ती प्रथम गेली त्यांनी एक्स-रे काढला, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, नीट बसावयास सांगितले आणि पुन्हा केव्हा यावे ते मात्र सांगितले नाही. घरातही मग गोळ्या आणि ‘ताठ बस’ एवढेच उरले. शेजारच्या एका बाईंनी पाठ चोळून देणाऱ्याचे नाव सुचविले, आणि काही दिवस तेही झाले. आठ महिन्यांनी, त्या मुलीची उंची भराभर वाढत असताना, दुसऱ्या एका अस्थितज्ज्ञांनी नवा एक्स-रे काढला व जुना मागून घेऊन दोन्हींवर रेघा आखल्या. पहिल्यावर १९ अंश होते, दुसऱ्यावर २७.

हे अंश कसे मोजतात ते सांगावयास हवे, कारण पुढची सर्व चर्चा त्यावर चालते. वळणाच्या वरच्या टोकाला जो मणका सर्वांत अधिक कललेला असेल त्याच्या वरच्या कडेने एक रेघ, आणि खालच्या टोकाच्या तशाच मणक्याच्या खालच्या कडेने दुसरी. या दोन रेघांमधील कोन म्हणजे वळणाचे माप. न्यूयॉर्कचे जॉन रॉबर्ट कॉब यांनी १९४८ साली ही पद्धत मांडली आणि त्यांच्याच नावाने ती आज सर्वत्र चालते. १० अंशांपासून पुढे मेरुवक्रता म्हणतात. लहान वळणे मुलग्यांत व मुलींत सारखीच आढळतात. परंतु ३० अंशांच्या पलीकडे गेलेली वळणे मुलींत मुलग्यांच्या सुमारे दहापट असतात. बहुसंख्य रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. घराण्यात हा विकार असला तर शक्यता वाढते, आणि २०११ साली जपानी संशोधकांनी एलबीएक्स-१ या जनुकाच्या शेजारील भागाशी त्याचा संबंध दाखवून दिला. तरी कोणा एका जनुकाने हे होते असे नाही. बहिणीच्या सासूबाईंनी ‘आमच्या घराण्यात असे काही नव्हते’ असे सांगून टाकले तेव्हा हे ज्ञान आमच्या मोठ्या उपयोगी पडले असे मात्र मी म्हणणार नाही.

ज्या मुलांची वाढ अजून शिल्लक आहे आणि ज्यांचे वळण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान आहे त्यांना धडाभोवती घट्ट पट्टा देतात. तो कापडाचा कमरपट्टा नसून धडाच्या मापाने घडविलेले प्लास्टिकचे कवच असते, आणि आतील गाद्या विशिष्ट ठिकाणी दाब देतात. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत मिलवॉकी येथे वॉल्टर ब्लाउंट व आल्बर्ट श्मिट यांनी तयार केलेला पट्टा कमरेपासून थेट हनुवटीखालपर्यंत जात असे. कुब्जेच्या हनुवटीखालील दोन बोटे मला त्याचे चित्र पाहताना आठवली होती. १९७० नंतर काखेखालीच संपणारे, कपड्यांखाली झाकले जाणारे पट्टे आले. परंतु पट्ट्याने खरोखर काही होते काय, की ज्यांचे वळण थांबणारच होते त्यांचेच थांबते, हा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षे तसाच लोंबकळत राहिला होता.

त्याचे उत्तर २०१३ साली मिळाले. अमेरिका व कॅनडा येथील २५ रुग्णालयांत, आयोवा विद्यापीठाचे स्टुअर्ट वाइनस्टाइन आणि लोरी डोलन यांच्या नेतृत्वाखाली, १० ते १५ वर्षे वयाच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना पट्टा दिला, काहींवर केवळ लक्ष ठेवले. वाढ पूर्ण होईपर्यंत वळण ५० अंशांपर्यंत न पोहोचणे म्हणजे यश, असे ठरविले होते. ज्या २४२ मुलांचा हिशेब मांडला त्यांत पट्टा घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के आणि न घालणाऱ्यांपैकी ४८ टक्के यशस्वी झाले. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. मुलांना पट्ट्याविना ठेवणे योग्य ठरले नसते. मला यातील सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. पट्ट्यांत उष्णता टिपणारी बारीक साधने बसविली होती, त्यामुळे कोणी किती तास पट्टा घातला हे मुलांच्या वा आईबापांच्या सांगण्यावर अवलंबून राहिले नाही. दिवसाकाठी सहा तासांहून कमी घालणाऱ्यांना न घालणाऱ्यांपेक्षा काहीच अधिक लाभ झाला नाही. सुमारे १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत शंभरांतील नव्वदांहून अधिक यशस्वी झाले.

त्याच वेळी ४८ या आकड्याकडेही पाहावे. पट्टा न घालताही जवळजवळ निम्म्या मुलांचे वळण धोक्याच्या रेषेपर्यंत गेले नाही. म्हणजे पट्टा घालणाऱ्या कित्येक मुली तो गरज नसताना घालीत असतात, फक्त त्या कोणत्या हे आधी कळत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडून आपण किती मागत आहोत याची जाणीव ठेवावयास हा आकडा पुरेसा आहे.

भाचीला अठरा तास सांगितले होते. बडोद्याचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांना प्लास्टिकच्या कवचातील अठरा तास म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. आत सुती बनियन, आणि तोही उलटा घातलेला, म्हणजे शिवण अंगाला रुतत नाही. तेल-मलम न लावता कातडी कोरडी ठेवावयाची. घाम आला की बनियन बदलावयाचा. हे सारे बहिणीने शिकून घेतले. जे कोणालाच सुचले नव्हते ते मुलीने एका सुटीत मला सांगितले. ‘‘मावशी, मी शाळेत पाणीच पीत नाही. पट्टा घालून तिथल्या संडासात बसता येत नाही, आणि काढला तर पाठीमागचे पट्टे एकटीला आवळता येत नाहीत.’’ किती तास पट्टा घातला याची आम्ही रोज चौकशी करीत होतो. मुलगी दिवसभर तहानलेली असते हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. पुढे तिच्या बाकावरील मैत्रिणीने पट्टे आवळण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले आणि मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षिकांसाठी असलेली खोली वापरावयास दिली. एवढी लहान सोय, पण तासांचा आकडा तिच्यावर उभा होता.

आजीची काळजी वेगळीच होती. नातेवाइकांच्या लग्नात मुलीने पट्टा काढून ठेवावा, लोक पाहतात, उद्या स्थळे यावयाची आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना रागावण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या काळात अशा मुलीचे काय होत असे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले असणार. बहिणीने एवढेच केले की निर्णय मुलीवर सोपविला. त्या लग्नात मुलीने पट्टा काढला, आणि रात्री आपण होऊन घातला. सरासरी चौदा तास पडले असावेत. तिची वाढ पंधरा वर्षे ओलांडल्यावर थांबली आणि पट्टा सुटला तेव्हा वळण ३१ अंश होते. पाठ सरळ झाली नाही. तशी ती व्हावी हा पट्ट्याचा हेतूही नसतो. बहिणीला मात्र हे पटावयास पट्ट्याच्या सबंध काळाहून अधिक वेळ लागला.

आता ३१ अंशांच्या कण्याने आयुष्य कसे जाते? येथे आयोवा विद्यापीठाचा पुन्हा उल्लेख करणे भाग आहे, कारण या प्रश्नाचे सर्वांत धीराचे उत्तर तेथेच मिळाले आहे. इग्नासिओ पोन्सेती हे स्पेनच्या मिनोर्का बेटावरील एका घड्याळजीचे पुत्र. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करीत ते पराभूत बाजूला राहिले, फ्रान्स व मेक्सिकोमार्गे १९४१ साली आयोवास पोहोचले, आणि तेथील जुन्या मेरुवक्रता-रुग्णांचा त्यांनी माग काढावयास सुरुवात केली. हे काम त्यांच्या शिष्यांनी पुढे चालविले. २००३ साली वाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी जो अहवाल दिला त्यात कोणताही उपचार न झालेल्या ११७ रुग्णांची सुमारे पन्नास वर्षांनंतरची स्थिती होती. ते इतरांइतकेच जगले होते आणि आपापली कामे करीत होते. पाठदुखी त्यांच्यात अधिक होती, ६१ टक्क्यांत, तर तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत ३५ टक्क्यांत. परंतु बहुतेकांचे दुखणे सौम्य वा मध्यम होते. धाप लागण्याचा त्रास प्रामुख्याने छातीच्या भागात ८० अंशांच्या पलीकडे गेलेल्या वळणांत दिसला. वाढ संपल्यावर ३० अंशांच्या आतील वळणे सहसा पुढे सरकत नाहीत, आणि छातीतील ५० अंशांवरील वळणे वर्षाला सुमारे एक अंशाने वाढत राहतात, हेही याच दीर्घ पाहणीतून कळले. म्हणूनच ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणे वाकलेल्या मुलांसाठी पोलादी सळई तयार केली आणि १९६२ साली तिची माहिती प्रसिद्ध केली; आज मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळयांनी कणा धरतात. ज्या पोलिओमुळे हे शस्त्र जन्मास आले त्याचा भारतातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला.

पोन्सेती यांचे नाव मात्र जगाला अधिक माहीत आहे ते जन्मतः आत वळलेल्या पावलांच्या उपचारामुळे. हजारांत साधारण एका बालकाला हे व्यंग असते. दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडे थोडे वळवून नवे प्लास्टर घालावयाचे, अशी पाच-सहा प्लास्टरे. बहुधा टाचेच्या शिरेला एक लहानसा छेद. आणि मग काही वर्षे रात्री पट्टीला जोडलेले बूट. मोठ्या शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. उपचार जन्मानंतर लवकर सुरू व्हावा आणि रात्रीचे बूट मध्येच सोडू नयेत, एवढीच त्याची अट.

या दोहोंशी मुडदुसाची गल्लत करू नये. कॅल्शियमच्या गोळ्यांनी भाचीचा कणा थांबला नाही याचे कारण तिची हाडे मऊ नव्हतीच. मुडदुसात ती मऊ होतात, पायांना बाक येतो, मनगटे जाड होतात, बरगड्यांवर माळेच्या मण्यांसारखे उंचवटे लागतात. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांवर जंबुपार किरणांचा दिवा धरला आणि हाडे पुन्हा भरू लागल्याचे एक्स-रेवर दाखविले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांना मुडदूस आणून माशाच्या तेलाने तो बरा केला. ऊन आणि आहार हे दोन वेगळे उपाय एकाच ‘ड’ जीवनसत्त्वाचे आहेत हे नंतर उलगडले. आपल्या देशात ऊन अमाप असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते, आणि दूध-नाचणीसारखे पदार्थ ताटात नसले तर कॅल्शियमही कमी पडते. येथे औषधाने हाड खरोखर सुधारते, वेळीच दिले तर बाकही पुष्कळ कमी होतो. तेव्हा गोळी वाईट नव्हे. ती कोणत्या दुखण्याला दिली हे पाहावे. तसेच पाठ मधोमध टोकदार पुढे आली, रात्री दुखू लागली, ताप व वजन घटणे दिसले, तर कण्याचा क्षय नाही ना याची तपासणी लगेच करावी. औषधांनी तो बरा होतो. आणि मेरुवक्रतेच्या मुलाला फार वेदना होत असतील, पायांतील शक्ती कमी होत असेल, किंवा ते दहा वर्षांहून लहान असेल, तर अन्य कारण शोधणे अवश्य असते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शासनाने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहतात. वळलेली पावले, निखळलेला खुबा आणि मुडदूस हे त्यांच्या यादीत आहेत, व पुढील उपचार विनामूल्य आहेत. पथक आले असता मुलीच्या पाठीची शंका त्यांच्यापुढे अवश्य बोलून दाखवावी.

एक्स-रेविषयी दोन शब्द. १९१२ ते १९६५ या काळात अमेरिकेत मेरुवक्रतेचे निदान झालेल्या साडेपाच हजारांवर स्त्रियांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यांना सरासरी पंचवीसच्या आसपास एक्स-रे तपासण्यांना सामोरे जावे लागले होते, आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यांच्यात अपेक्षेच्या सुमारे १.७ पट आढळले. आज किरणांची मात्रा पुष्कळच कमी झाली आहे आणि चित्र पाठीच्या बाजूने घेतात, म्हणजे स्तनांवर किरण कमी पडतात. तरी गरजेपुरतेच एक्स-रे काढावेत, आणि काढलेला एकही टाकू नये. मोजमापात चार-पाच अंशांची चूक सहज होते, त्यामुळे एकट्या चित्रावरून वळण वाढते आहे की थांबले आहे ते सांगता येत नाही. जुने आणि नवे शेजारी ठेवून, शक्यतो एकाच माणसाने, त्याच मणक्यांवर रेघा आखाव्या लागतात. भाचीचा तो पहिला एक्स-रे बहिणीने कपाटातील साड्यांच्या घडीत सपाट ठेवला होता म्हणून आठ अंश कळले. प्रत्येकाच्या पाकिटावर तारीख, मुलीची त्या दिवशीची उंची आणि मासिक पाळी सुरू झाली असल्यास तो महिना लिहून ठेवावा. डॉक्टर हे तीनही विचारतात.